चढणीला झटके

पहिले सहा किलोमीटर गाडी काही बोलायची नाही. रस्ता सपाट होता तोवर जुनं डिझेल इंजिन आपल्या एका सुरात घुरघुरत राही. पुढं कालव्याचा पूल ओलांडून चढण लागली, की पहिला झटका बसे. पुढं एक आणि मागच्या दोन बाकांवर समोरासमोर आठ, अशा नऊ बायकांच्या माना एकदम पुढं जात आणि एकदम मागं येत. अॅक्सिलरेटर दाबावा तर गाडी ओढ घेई, मध्येच सोडून देई, पुन्हा घेई. दहा मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नाही अशी चालू लागे.

"म्हातारं माणूस चार पायऱ्या चढून थांबतं, पुन्हा चार चढतं, तसं करते," बायको घरी आल्यावर म्हणाली.

नवरा ओसरीत खाटेवर डावा पाय लांब करून बसला होता. "डिझेल खराब असेल."

"दोन पंपांवरचं भरून बघितलं."

"मग तू क्लचवरून पाय काढत नसशील पुरता."

ती दाराशी गेली. बादलीतलं थोडं पाणी पायांवर घेतलं, दुसऱ्या पायानं पहिला घासला आणि उरलेलं पाणी दारातल्या झाडाला ओतलं.

ती गाडी त्यानं चौदा वर्षं चालवली होती. आठ महिन्यांपूर्वी लाकडं उतरवताना ओंडका मांडीवर आला, हाडात सळई घालावी लागली. पाय राहिला, पण क्लच दाबण्याइतका जोर त्यात राहिला नाही. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेली; विहिरीचा तळ दिसत होता आणि शेतात ढेकळांशिवाय काही नव्हतं. घर चालत होतं ते त्या गाडीवर. पहाटे नऊ बायकांना चढणीपलीकडच्या शेडमध्ये सोडायचं, दिवसभर त्या फळं निवडून खोक्यांत भरत, आणि संध्याकाळी परत आणायचं. शेडचं फाटक साडेसहाला बंद होई. झटक्यांमुळं दोनदा उशीर झाला होता. मुकादम फाटकाच्या आतूनच म्हणाला होता, "बाई, आणखी एकदा झालं तर मी दुसरी गाडी बघीन. माझाही नाइलाज आहे."

म्हणून ती मिस्त्रीकडं गेली. त्याचं गॅरेज पुलाच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच होतं. पहिल्या दिवशी त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला, खाली साचलेलं पाणी सोडलं. जुना फिल्टर तिनं घरी आणून नवऱ्याला दाखवला.

"इतका काही काळा नाही," तो फिल्टर उलटासुलटा करत म्हणाला.

"मिस्त्री पण तेच म्हणाले. म्हणाले, हा बदलला खरा, पण दुखणं हे नाही."

"मग बदलला कशाला?"

"एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं म्हणाले. जे नाही ते आधी बाजूला काढायचं. मग जे उरतं ते."

हे ती अशा काही सुरात म्हणाली, की त्याला ते तिचं वाक्य वाटलं नाही. तिच्या तोंडात दुसऱ्याचं वाक्य आलं होतं आणि तिथं ते चांगलं बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा झटके बसले. दुपारी ती गॅरेजला गेली. तासाभरानं तो दूधवाल्याच्या टेम्पोत पुढं बसून तिकडं निघाला. आईनं विचारलं, "तू कुठं निघालास या उन्हात?"

"गाडी बघायला. माझी गाडी आहे."

"मी कुठं म्हणते माझी आहे?"

गॅरेजसमोर तो काठी टेकत उतरला तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि इंजिन चालू होतं. मिस्त्रीनं एका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डिझेल पंपावर टेकवलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ बायकोनं कानाला लावली होती. तिनं डोळे मिटले होते. मिस्त्री हळू आवाजात सांगत होता, "टिक टिक येतंय ना, ते बरोबर. त्यात मध्येच रिकामं वाटलं तर सांगा."

"नाही, भरलेलं आहे," ती डोळे न उघडता म्हणाली.

चौदा वर्षांत तिला इंजिनाला कान लावायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही नाही.

"अरे दादा, या, या." मिस्त्री हसला. तो नवऱ्याच्याच वयाचा. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. गाडीखालची नळी बघायला तो उकिडवा बसला, बसल्या बसल्या दोन पावलं सरकला आणि कशालाही न धरता उठला. नवऱ्यानं ते बघितलं. "बरं झालं आलात. जरा आत बसून अॅक्सिलरेटर द्या. वहिनी, तुम्ही इथंच थांबा."

आठ महिन्यांनी तो त्या सीटवर बसला. डावा पाय हातानं उचलून आत ठेवावा लागला. सीट पुढं ओढलेली होती. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. त्यानं उजव्या पायानं अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. इंजिन चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. एकही झटका नाही.

"काही होत नाही हिला," तो मोठ्यानं म्हणाला. "छान चाललीय."

"उभ्या गाडीला नाहीच होत," बायको बाहेरून म्हणाली. "ओझं घेऊन चढायला लागली की होतं. अहो, सहा किलोमीटर चालवल्याशिवाय कळायचं नाही."

ती सहज बोलली होती. मिस्त्रीही सहज म्हणाला, "हो दादा, ते चालवणाऱ्यालाच कळतं." नवरा उतरला. उतरताना काठी निसटून खाली पडली, ती मिस्त्रीनं उचलून दिली, हँडल पुसून दिलं. त्याला ते पुसणं आवडलं नाही.

त्या दिवशी मिस्त्रीनं डिझेलच्या नळीत मध्ये एक पारदर्शक नळी जोडली आणि ती बॉनेटखालून वर काढून काचेपुढं बांधली. हवा शिरत असेल तर बुडबुडे दिसावेत म्हणून. ती आणि मिस्त्री चढणीवर गेले. दूधवाल्याला आधी पुलापलीकडं कॅन द्यायचे होते; त्याच्या टेम्पोतून जाताना नवऱ्याला ते समोरून येताना दिसले. दोघांची तोंडं पुढं, दोघंही काचेतून एकाच जागी टक लावून बघत होते. टेम्पोकडं त्यांचं लक्षही गेलं नाही.

"काय बघतायत एवढं?" दूधवाल्यानं विचारलं.

"नळी," तो म्हणाला.

"नळी?" दूधवाल्यानं त्याच्याकडं बघितलं आणि मग गिअर बदलला.

संध्याकाळी त्यानं तिला विचारलं, "दिसले बुडबुडे?"

"नाही. पण चढणीवर नळीतली धार बारीक होत गेली. बारीक, बारीक, आणि मग झटका." तिनं बोटांनी दाखवलं. तिचे डोळे चमकत होते. "धार बारीक झाली की मी म्हणायचे 'आता', आणि आता म्हटलं की झटका. तीनदा बरोबर आलं. मिस्त्री म्हणाले, माझ्याकडं तुमच्यासारखा एक माणूस असता तर निम्मं काम झालं असतं."

"मग राहा तिथंच."

तिनं त्याच्याकडं बघितलं. "काय?"

"काही नाही. भाकरी वाढ."

आई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. सून आत गेल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बापाचंही असंच होतं. मला विहिरीवर उशीर झाला की किती बादल्या काढल्या ते विचारायचा. विचारायचा बादल्यांचं, बघायचा माझ्या तोंडाकडं."

"तुझं आपलं काहीतरीच."

"मी शेंगांशी बोलतेय."

तिसऱ्या दिवशी ती आली ती डिझेलच्या वासात. पदर, बाही, सगळ्याला वास. त्यानं विचारण्याआधीच ती हसायला लागली. "आज टाकीची नळीच काढून टाकली. मिस्त्री शेजारी बसले, मांडीवर डिझेलचा डबा घेऊन. नळी डब्यात. गाडी टाकीतलं नाही, डब्यातलं डिझेल पीत होती. आणि मी खड्डा चुकवायला गेले तर अर्धा डबा त्यांच्या मांडीवर! बिचारे ओरडले, वहिनी, मला काडी लावायची असेल तर आधी सांगा!"

"तुझ्या पदराला कसं लागलं?"

"पुसायला दिला."

"पदर?"

"फडका मागं राहिला होता. मग काय करणार?" तिचं हसू कमी झालं. "अहो, पण झटका बसला नाही. एकही नाही. चढण पुरी केली, वरून परत आलो. म्हणजे इंजिन ठीक, पंप ठीक, फिल्टर ठीक. दुखणं टाकीकडं आहे. उद्या कळेल."

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो जेवला नाही, पोट जड आहे म्हणाला. अंथरुणावर पडून तो मनात तो डबा बघत राहिला. डबा, डब्याखालच्या मांड्या, दोन्ही धडधाकट, आणि त्यांच्याकडं झुकलेला पदर. आपण काय विचार करतो आहोत हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणून थांबत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती लवकर आली. गाडी अंगणात उभी करून चावी खिळ्याला लावली.

"काय निघालं?"

"निघालं," ती म्हणाली. "आता झटके नाहीत. दोनदा चढून आलो."

"पण काय निघालं?"

"नळीत कचरा होता. टाकीतून येते त्या."

"कसला कचरा?"

"कसला म्हणजे? कचरा. कचऱ्याला काय नाव असतं?" आणि ती आईला पाणी द्यायला आत गेली. चार दिवस धारेची जाडी बोटांनी दाखवणारी बाई आज एका शब्दात आटोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेत शेडला पोचली, तक्रार नव्हती. दुपारी मिस्त्री आपल्या मोटारसायकलवरून रस्त्यानं चालला होता. यानं ओसरीतून हाक मारली. मिस्त्री थांबला, पण उतरला नाही.

"मग, काय होतं शेवटी?"

"ते... फिल्टरच होता दादा. फिल्टरपाशीच अडत होतं."

"फिल्टर तर पहिल्याच दिवशी बदललास."

"हां, म्हणजे... बसवताना जरा तिरका बसला होता. माझीच चूक. बरंय, जातो, पलीकडं ट्रॅक्टर उघडून ठेवलाय." त्याचा चेहरा उतरला होता. चष्मा नीट करत, न बघताच त्यानं गाडी चालू केली.

एक कचरा म्हणतं, एक फिल्टर म्हणतं. नवरा तिथंच बसून राहिला. त्या दोघांच्यामध्ये काहीतरी होतं. नुसतं होतं असं नव्हे, तर ते त्याच्यापासून लपवायचं असं ठरलेलं होतं. फक्त काय सांगायचं ते ठरवायचं राहून गेलं होतं.

चारला तिला बायकांना आणायला निघायचं होतं. त्याआधी रोजच्यासारखा तो फडका घेऊन गाडी पुसायला उठला. सगळी पुसली. डिझेल किती आहे बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं. झाकण सहज सुटलं, आणि तो ते हातात धरून उभा राहिला.

आत रबर नव्हतं.

वीस-बावीस दिवसांपूर्वी धुळीचा वारा सुरू झाला, तेव्हा त्यानंच जुन्या ट्यूबचा एक गोल कापून झाकणात बसवला होता. टाकीत धूळ जाऊ नये म्हणून. गाडीसाठी करण्यासारखं त्याच्या हातात एवढंच उरलं होतं, आणि त्यानं ते मन लावून केलं होतं. ब्लेड बदलून, कडा घासून. झाकण असं घट्ट बसलं होतं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं होतं. आता त्यानं झाकण उन्हाकडं धरलं. मधलं बारीक भोक दिसलं. टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती या भोकातून येते. हे त्याला माहीत होतं. चौदा वर्षं माहीत होतं. झटकेही तेव्हापासूनचेच.

ते दोघं याबद्दल गप्प होते.

डोक्यातला तो डबा, तो पदर, सगळं एका क्षणात निघून गेलं. पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त बोचरं होतं. त्या दोघांनी टाकीपाशी उभं राहून ते रबर हातात घेतलं असेल. हे कुणाचं काम, हे तिनं लगेच ओळखलं असेल. मग त्याच्याबद्दल काहीतरी बोलले असतील, दोघं मिळून, आजाऱ्याबद्दल दाराबाहेर बोलतात तसं. आणि ठरवलं असेल.

ती बायकांना सोडून सहाला परतली. ऊन उतरलं होतं. ती चुलीपाशी गेली. तो खोपटात गेला, जुनी ट्यूब काढली आणि नवा गोल कापला. निदान एकानं तरी येऊन तोंडावर सांगावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यापुढचं काही नव्हतं. त्यानं रबर झाकणात बसवलं आणि झाकण दोन्ही हातांनी आवळलं.

पहाटे तिनं गाडी काढली तेव्हा तो जागाच होता. आवाज अंगणातून रस्त्यावर गेला, बायकांसाठी तीन ठिकाणी थांबला, पुढं गेला. तेव्हा त्याला पहिल्यांदा त्या नऊ जणी आठवल्या. फाटक आठवलं. मुकादमाचं "आणखी एकदा" आठवलं. त्यानं फोन लावला. गाडी चालवताना ती फोन घेत नसे. ही शिस्त त्यानंच तिला लावली होती. पुन्हा लावला. आता पूल आला असेल. आता चढण.

"कुणाला फोन करतोस इतक्या सकाळी?" आईनं विचारलं.

"कुणाला नाही."

"मग कुणी उचलणारही नाही."

ती साडेसातला येते, सव्वाआठला आली. गाडी नीट लावली. ओसरीत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि मुठीतलं रबर खाटेवर ठेवलं. तिचा हात कोपरापर्यंत धुळीनं भरला होता.

"हे नवं आहे," ती म्हणाली. "जुन्याच्या कडेला ब्लेड घसरलं होतं. याची कड चांगली कापलीय तुम्ही."

त्यानं काठी जवळ ओढली.

"कधी कळलं?"

"काल."

"काल कळलं, आणि काल बोलला नाहीत."

"तू तरी कुठं बोललीस?" त्याचा आवाज चढला. "कचरा म्हणे! तो म्हणतो फिल्टर! मला काय दूधखुळा समजता दोघं?"

"मिस्त्री म्हणाले, वहिनी, हे इथंच राहू दे. दादांनी चौदा वर्षं गाडी चालवलीय, त्यांना नका सांगू."

"हसला असेल."

"ते नाही हसले." तिनं हातावरची धूळ झटकली. "मी हसले. झाकण उघडलं तर टाकीनं असा मोठा श्वास घेतला, आणि आतून हे निघालं. खूप हसले. ते हसत नाहीत बघून मग थांबले."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आई ऐकत होती.

"तुम्हाला लागेल म्हणून मी गप्प बसले," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता लागू दे."

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या झटक्यालाच तिला कळलं. चढणीवर गाडी उभी करून ती मागं गेली, तर झाकण निघेना. बाहेरच्या हवेनं ते असं दाबून धरलं होतं, की दोघी बायकांनी मिळून फिरवलं. चार मिनिटं उशीर झाला. फाटक लागलं होतं. नऊ जणी गजांना धरून उभ्या राहिल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी मुकादमाला म्हणाली, "अरे, तुझ्या आईच्या वयाची आहे मी, उघड." तो बराच वेळ नुसता बघत राहिला, मग उघडलं. उद्या मात्र उशीर झाला तर गाडी फाटकापर्यंतही आणू नका म्हणाला.

"बायकांनी विचारलं, काय झालं होतं म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझी चूक. झाकण नीट लावलं नव्हतं."

रबर खाटेवर पडलं होतं. त्यानं ते उचललं नाही.

"उद्या तुम्ही यायचं," ती म्हणाली. "झाकण तुमच्या हातानं उघडून बघा, तुमच्या हातानं लावा, आणि गाडीत बसा. मला चढणीवर मागं वळून बघायला लागू नये."

"पाय दुमडत नाही माझा."

"दोन बाकांच्या मध्ये लांब करा. बायका जागा देतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं झाकण उघडलं, भोकाला डोळा लावून बघितलं, फुंकर मारली, लावलं. पुढची सीट नऊ जणींतल्या म्हातारीची होती. ती रोज तिथंच बसे. तो मागून चढला. दोघींनी त्याच्या काखेत हात घालून वर घेतलं. बाकी सगळ्या दाटीनं सरकल्या आणि त्याचा डावा पाय त्यांच्या डब्यांच्या पिशव्यांमध्ये लाकडासारखा पसरला. कुणी काही विचारलं नाही. एकीनं फक्त आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

सपाट रस्ता संपला. पूल आला. बाकावरून त्याला तिची फक्त पाठ आणि गिअरवरचा हात दिसत होता. चढण लागली. आता तिसरा गिअर टाकायला हवा. तो असता तर इथं, या दगडापाशी टाकला असता. ती टाकेना. गाडी चौथ्यातच जोर घेत राहिली, आवाज जरा दबला, तरी तुटला नाही. वळण गेलं. बरंच पुढं, जिथं त्याला कधी सुचलं नसतं अशा जागी, तिनं तिसरा टाकला. तो इतका अलगद पडला की एकही मान हलली नाही.

"काय हो," शेजारची बाई म्हणाली, "पाय कशाला दाबताय एवढा? माझी चप्पल आहे खाली."

त्यानं खाली बघितलं. त्याचा उजवा पाय तिच्या चपलेवर टेकला होता आणि सगळ्या जोरानं तिला दाबत होता.

"चुकून," तो म्हणाला, आणि त्यानं पाय बाकाखाली ओढून घेतला. गाडी चढतच होती.